धुक्यात कपडे वाळत घालणारी झुम्रा

बोस्नियातल्या गोराझ्देमध्ये हवामान कळायला रेडिओ लावावा लागत नसे. चौथ्या मजल्यावरच्या झुम्राच्या सज्जात ओले कपडे दिसले की समजावं, बाहेर दाट धुकं आहे. दोरी रिकामी असली की खुशाल समजावं, लख्ख ऊन पडलंय. जगातल्या बायका उन्हात कपडे वाळत घालतात, ही बाई धुक्यात घालायची. ते अर्थातच वाळायचे नाहीत. मग ते खुर्च्यांच्या पाठींवर, दारांच्या कडांवर, मिळेल तिथे पसरून घरातच सुकवायचे, आणि तिच्या अंगाला कायम एक कुबट वास यायचा. समोरच्या दारातली शेफिका म्हणायची, "अगं झुम्रा, तुझ्या चादरी वाळायच्या आधी विरतात की गं!" झुम्रा हसायची. चिडणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं कारण सांगणं तर त्याहून नव्हतं.

बाई तशी खुटखुटीत. वयाच्या साठीपर्यंत शिवणकाम केलं. नवरा रमीझ युद्ध संपल्यावर बऱ्याच वर्षांनी यकृताच्या दुखण्यानं आपल्या अंथरुणात गेला, आणि आमच्या गावात अंथरुणात मरण येणं हे नशीबच समजतात. द्रिना नदीच्या काठी धुक्याला तोटा नाही. शिशिर आला की सकाळी समोरचा डोंगर दिसत नाही, पूल दिसत नाही, स्वतःची चप्पलही दिसेल न दिसेल. अशा दिवशी झुम्रा फुलून यायची. बाजारात जायची, मिरच्या निवडून घ्यायची, कासाराच्या दुकानापाशी उभी राहून तास तास गप्पा मारायची. आणि आभाळ मोकळं झालं की तिचा गुडघा दुखायला लागायचा. पडदे ओढून ती घरात बसायची. लोकांनी ते मान्य करून टाकलं होतं. एकाच्या गुडघ्याला थंडी सोसत नाही, झुम्राच्या गुडघ्याला ऊन सोसत नाही. आमच्याकडे प्रत्येकाचं काही ना काही असतं. कुणी जेवताना भिंतीला पाठ लावूनच बसतो, कुणाच्या पलंगाखाली अजून पिठाची गोणी असते. कुणी कुणाला विचारत नाही.

झुम्राला एकच मुलगी, सेनिता. गावच्या इस्पितळात नर्स. कामाला वाघीण आणि बोलायला फटकळ. तिचा नवरा जेवाद ट्रक घेऊन ऑस्ट्रियाला जायचा तो आठवडा आठवडा यायचा नाही. त्यांची मुलगी इल्मा साडेपाचाची. बालवाडी नदीच्या पलीकडे, म्हणून सकाळी तिला पुलावरून पोचवायचं काम झुम्राकडे आलं होतं. सप्टेंबरपासून सगळं सुरळीत चाललं होतं, कारण सकाळी धुकं असायचंच. नसेल त्या दिवशी झुम्रा मुलीला फोन करायची, "आज गुडघा धरलाय गं," आणि सेनिता कपाळाला आठ्या घालून स्वतः यायची. इल्मा हे झुम्राचं सगळं जग होतं. पुलावरून जाताना ती पोर धुक्याचा घास घ्यायची, आ वासून चावायची आणि म्हणायची, "आजी, आज गोड आहे." मग आजीही एक घास घ्यायची.

एप्रिलमध्ये एक सकाळ अशी उगवली की जणू आभाळ कुणीतरी धुऊन पुसून ठेवलंय. सेनिता पहाटेच्या पाळीला गेलेली, जेवाद ऑस्ट्रियात, शेफिका बहिणीकडे. झुम्रानं पोरीला घरीच ठेवलंही असतं, पण बालवाडीत मैत्रिणीचा वाढदिवस होता, आणि इल्मा रंगीत कागदात गुंडाळलेली भेट छातीशी धरून केव्हाची दारात उभी होती. झुम्रानं डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली.

पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत काही झालं नाही. तळहात घामेजले होते, पण पाय चालत होते. तेवढ्यात समोरच्या डोंगरावर रस्त्याच्या वळणाला एक मोटार वळली आणि तिची काच उन्हात चमकली. मधलं झुम्राला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती जमिनीवर पालथी होती, इल्मा तिच्या अंगाखाली होती, आणि ओरडत होती. तिला उठवायला एक म्हातारा धावला. त्यानं आधी डोंगराकडे पाहिलं आणि मगच हात दिला. इल्माची हनुवटी फाटली होती, पुढचा एक दात तुटला होता, आणि भेटीचा डबा चेपला होता.

टाके घालताना पोरीला धरून ठेवायची वेळ सेनितावरच आली. संध्याकाळी ती आईच्या घरी आली आणि बसलीसुद्धा नाही.

"आई, तू घसरून पडलीस असं सांगितलंस. तू घसरली नाहीस. लोकांनी पाहिलंय. तू तिला खाली आपटलंस आणि वर पडून राहिलीस. तिला श्वास घेता येत नव्हता."

"मी तिला झाकत होते."

"कशापासून?"

मोटारीच्या काचेपासून, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

"हे बघ," सेनिता म्हणाली, "मीही त्याच युद्धात होते. मला त्यातलं काही आठवत नाही, आणि त्याचा मला आनंद आहे. माझ्या मुलीच्या वाट्याला मी ते येऊ देणार नाही. तू आमच्याकडे ये, जेव, तिच्याशी खेळ. मी घरात असताना. पण एकटीला तिला मी तुझ्याबरोबर पाठवायची नाही. राग मानू नकोस."

झुम्रानं राग मानला नाही. पण रविवारी ती गेली, तेव्हा इल्मा तिच्या मांडीवर बसायला कचरली, आईच्या मागून तिच्याकडे बघत राहिली. ते तिच्या फार जिव्हारी लागलं. पोर आपल्याला भ्यायली, ही गोष्ट तिला गिळवेना.

कशापासून, हे झुम्राला पक्कं ठाऊक होतं. गावाला पडलेल्या वेढ्यातला दुसरा उन्हाळा. डोंगरावर नेमबाज, खाली गाव. धुकं असलं की त्यांना दिसत नसे, म्हणून त्या काळी आमच्याकडे चांगली हवा म्हणजे वाईट दिवस आणि वाईट हवा म्हणजे चांगला दिवस. झुम्रा, तिची धाकटी बहीण मेव्लिदा आणि तीन वर्षांची सेनिता पलीकडच्या मावशीकडे निघाल्या होत्या, तिच्याकडे साबण आला होता म्हणून. निघताना धुकं होतं, पुलाच्या मध्यावर ते एकदम विरलं. मेव्लिदा डोंगराच्या बाजूनं चालत होती. वर बघून ती म्हणाली, "काय ऊन पडलंय बघ, आज कपडे तासाभरात वाळतील." आणि खाली बसली. बसली, असंच झुम्राला आधी वाटलं. मग तिनं सेनिताला कठड्याच्या आडोशाला टाकलं आणि तिच्यावर पालथी पडली, ती अंधार पडेपर्यंत. पोरीला खरचटलंही नव्हतं. पुढे लोकांनी पुलाच्या खालून फळ्यांची वाट बांधली, माणसं तिथून ये-जा करू लागली. मेव्लिदाला तेवढा उशीर झाला होता.

शेफिका बहिणीकडून परतली, तिनं सगळं ऐकलं आणि तिच्याकडे उपाय तयारच होता. "तुझ्यात भीती बसलीय. जुल्साकडे चल, ती शिसं ओतून भीती काढते." झुम्रा नको नको म्हणत गेली. जुल्सा म्हातारीनं तिला स्टुलावर बसवलं, डोक्यावर चादर टाकली, पळीत शिसं वितळवलं आणि डोक्यावर धरलेल्या पाण्याच्या वाडग्यात ओतलं. चर्रकन आवाज झाला तशी झुम्रा अर्धा हात उडाली. जुल्सा खूश. "ऐकलंस? तीच ओरडली." मग पाण्यातला शिशाचा गोळा काढून तिघी त्याचा आकार बघत बसल्या. जुल्साला त्यात एक बाई दिसली, शेफिकाला कोंबडी.

"हे शिसं आणता कुठून, जुल्साबाई?" झुम्रानं विचारलं.

"कुठून म्हणजे? मागच्या अंगणात खणलं की निघतं. डोंगरावरून फुकट धाडलंय मेल्यांनी."

तिघी पोट धरून हसल्या. त्या रात्री झुम्राला गाढ झोप लागली, हे खरं आहे आणि ते जुल्साला मिळायलाच हवं. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि दोरी पुन्हा रिकामी.

मग मात्र झुम्रा आपणहून आरोग्य केंद्रात मनाची दुखणी बघणाऱ्या डॉक्टर यास्नाकडे गेली. डॉक्टरीणबाई राजधानीच्या, सारायेव्होच्या, तिथल्या वेढ्यातच लहानाच्या मोठ्या झालेल्या, बोलण्यात गोडवा कमी पण ऐकून घेण्यात धीर मोठा. झुम्रानं गुडघ्यापासून सुरुवात केली.

"गुडघा राहू द्या," यास्ना म्हणाली. "गुडघा बघून चिठ्ठी लिहून देणारे वर बसतात. माझ्याकडे कशाला आलात ते सांगा."

तेव्हा झुम्रानं तीस वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं, साबणापासून हनुवटीच्या टाक्यांपर्यंत. यास्नानं मधे एकदाही तिला थांबवलं नाही.

त्याच सुमारास सारायेव्होत काही डॉक्टर युद्धातून गेलेल्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास करत होते. यास्नानं विचारलं, येता का? झुम्रा गेली. तिला एका पांढऱ्या नळीत आडवं सरकवलं. नळी ठोकल्यासारखी आवाज करत होती, पण तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिनं दात आवळून सहन केलं. डोळ्यांसमोर चित्रं येत होती. कप, कुत्रा, शिपाई, बंदूक, जळकं घर, झाड. मधूनमधून, डोक्याला विसावा म्हणून, नुसतं निळं आभाळ.

निकाल घेऊन यास्ना तिच्यासमोर बसली तेव्हा ती स्वतःशीच हसत होती.

"एका माणसाच्या एका तपासणीवरून काही सिद्ध होत नाही, हे आधी सांगते. पण हे बघा. डोक्यात खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. शिपायाचं चित्र आलं, तुमची घंटा थोडी वाजली. बंदूक आली, थोडी वाजली. आणि आभाळ आलं की ती जी सुटली! तिथल्या पोरांना वाटलं यंत्र बिघडलं. विसाव्यासाठी ठेवलेलं चित्र ना ते!"

"आभाळ?" झुम्रा म्हणाली. "मग त्यात नवल काय? गोराझ्देतलं कुणीही वाजेल."

"तेच मी त्यांना म्हटलं. विसाव्याला तुम्ही सारायेव्होत बसून आभाळ कसं निवडलंत, तुमचे आईबाप कुठले?"

मग तिनं कागदावर गोल काढून समजावून सांगितलं. घंटा वाजते ती विचार करायच्या आधी, काय पाहिलं हे कळायच्याही आधी. माणसाला वाचवायलाच ती तशी घडलेली असते. एरवी घंटा वाजली की मेंदूचे दुसरे दोन भाग कामाला लागतात. एक आठवणीवर जागा आणि तारीख लावतो, हे तेव्हाचं आहे, आत्ताचं नाही म्हणून. दुसरा कपाळामागून सांगतो, बस खाली, काही नाही झालेलं. पण प्रचंड भीतीत जी आठवण बसते, तिच्यावर तारीख नीट लागतच नाही. मग आभाळ, काचेची चमक, एखादा वास, असा कुठलाही तुकडा दिसला की तीच घटना पुन्हा आत्ता घडायला लागते, आणि शांत करणारा भाग तेव्हा नेमका गप्प बसतो.

"म्हणजे मी वेडी नाही," झुम्रा म्हणाली.

"नाही. तुमचा पहारेकरी फार इमानी आहे. त्याला युद्ध संपल्याचं कुणी कळवलेलं नाही, इतकंच."

"आणि धुक्यात बाहेर पडते, उन्हात घरात बसते, ते?"

"ती तुमचीच चूक म्हणा किंवा हुशारी म्हणा. उन्हात बसलात घरात आणि वाचलात, की पहारेकऱ्याला वाटतं, बघा, माझ्यामुळे वाचली. तीस वर्षं तुम्ही त्याला रोज शाबासकी देताय. आता त्याला उन्हात घेऊन उभं राहायचं. पळायचं नाही. घंटा वाजेल, वाजू द्या. वाजून वाजून ती दमेपर्यंत तिथून हलायचं नाही. जुनी आठवण पुसली जायची नाही, पण तिच्या शेजारी एक नवी बसेल."

झुम्राला उपाय भयंकर वाटला. पण तिला इल्मा परत हवी होती, आणि दुसरी वाट दिसत नव्हती.

तिनं सुरुवात पडद्यापासून केली. उन्हाच्या दिवशी पडदा उघडा टाकून समोर खुर्चीत बसायची, आणि काळीज उडायला लागलं की खुर्चीचे हात गच्च धरायची. मग सज्जा. ज्या दिवशी पहिल्यांदा भर उन्हात तिच्या दोरीवर चादर लागली, त्या दिवशी खालून कुणीतरी ओरडलं, "छत्र्या काढा रे, झुम्रानं कपडे बाहेर घातलेत!" शेफिकानं सज्जातून त्याला असं काही सुनावलं की पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. ती चादर संध्याकाळी काढली तेव्हा खडखडीत वाळली होती. झुम्रा तिच्यात तोंड खुपसून उभी राहिली. उन्हाचा वास कसा असतो हे ती विसरूनच गेली होती, आणि मेव्लिदाची अशी आठवण आली की ती मोठ्यानं रडली.

मग पूल. पहिल्यांदा दहा पावलं जाऊन परत. शेफिका बरोबर असायची, थर्मासमध्ये कॉफी आणि रुमालात साखरेचे खडे घेऊन. मध्यावर पोचल्यावर झुम्रा कठड्याला हात लावून उभी राहायची. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे समोर काय आहे ते नावं घेऊन सांगायची. कठडा गरम आहे. खाली पाणी हिरवं आहे. कुणाचा तरी पाव भाजतोय. माझ्या शेजारी शेफिका आहे आणि ती बडबडतेय.

"आणि तिची कॉफी थंड होतेय," शेफिका म्हणायची. "तुझा पहारेकरी कधी दमणार गं? माझे पाय दमले."

काही दिवशी तो दमायचा, काही दिवशी नाही. एकदा ती मध्यावरून पळत सुटली आणि घरी जाऊन पलंगाखाली शिरून बसली. पुढच्या उन्हाच्या दिवशी पुन्हा गेली. सप्टेंबरपर्यंत असंच चाललं. डोंगरावर काचा चमकायच्या, तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे, पण पाय जमिनीवर टिकायला लागले.

मग ती सेनिताकडे गेली. "मला इल्माला बालवाडीत न्यायचंय. उन्हात."

आई काय करतेय ते सेनिताच्या कानावर होतं, गावात काही लपत नाही. ती म्हणाली, "एकदा मी बरोबर येते. मी बघते. मग ठरवू."

ठरलेल्या सकाळी धुकं नव्हतं. आभाळ एप्रिलमधल्या त्या दिवसासारखंच निळं. तिघी निघाल्या. इल्मा आईच्या उजव्या हाताला धरून चालत होती. तिला नवा दात आला होता, आणि ती जिभेनं तो सारखा चाचपत होती. सेनिता इस्पितळातल्या कुठल्याशा नव्या डॉक्टरची चेष्टा करत होती, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून आईकडे बघत होती. झुम्राला ते कळत होतं. परीक्षा तिची होती.

मध्य जवळ आला. झुम्राचं काळीज उडायला लागलं, तसा तिनं कठड्याला हात लावला. गरम आहे. पाणी हिरवं आहे. शेजारी सेनिता आहे. आणि नेहमीसारखं डोंगराकडे न बघता, शेजारी काय आहे ते नीट सांगता यावं म्हणून, तिनं सेनिताकडे पाहिलं.

सेनिता बोलतच होती. बोलता बोलता तिनं इल्माला उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं, कठड्याच्या बाजूला. स्वतः डोंगराच्या बाजूला आली. खांदे वर गेले. पाय भराभर पडायला लागले, इतके की इल्माला मागे धावावं लागलं. बोलणं मात्र तसंच चालू होतं, जणू पाय दुसऱ्याच कुणाचे होते.

त्या दिवशी आपण हिला पुरती झाकली होती, हिला काही लागलं नाही, या एका समाधानावर झुम्रानं तीस वर्षं काढली होती. मेव्लिदा गेली, पण पोरगी वाचली. आणि पोरगी तीस वर्षं या पुलावरून अशीच जात होती, आणि आईनं ते कधी पाहिलं नव्हतं, कारण आईचे डोळे कायम डोंगरावर.

"सेनिता," ती म्हणाली, "हात का बदललास?"

"कुठला हात?"

"इल्माचा."

सेनितानं आपल्या हाताकडे पाहिलं. मग डोंगराकडे. "मी... नेहमीच असंच जाते. आई, चल ना, उशीर होतोय."

"तुला काही आठवत नाही ना?"

"नाही म्हटलं ना! मी तीन वर्षांची होते!" ती ओरडली, आणि आपण का ओरडलो ते न कळून तशीच उभी राहिली.

झुम्राच्या आतली घंटा वाजतच होती. पण आता तिच्याकडे लक्ष द्यायला तिला सवड नव्हती. तिनं मुलीचा थंडगार हात धरला आणि कठड्यावर ठेवला, आणि त्यावर आपला.

"पळायचं नाही. हात लाव. कसा आहे?"

"आई, लोक बघतायत."

"बघू दे. कसा आहे ते सांग."

"गरम," सेनिता म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"खाली पाणी कुठल्या रंगाचं आहे?"

"हिरवं आहे," इल्मानं आपणहून सांगितलं. मग ती दोघींच्या मधे शिरली, आजीचा मोकळा हात शोधून धरला आणि म्हणाली, "आपण किती वेळ थांबायचं?"

"तुझ्या आईची भीती दमेपर्यंत," झुम्रा म्हणाली. इल्मानं त्यावर विचार केला, आणि दप्तर काढून खाली ठेवलं.